शिबिराची तारीख आणि बाळाचं वय

2005 चा पावसाळा. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातल्या आमच्या उपकेंद्रापासून चार किलोमीटरवरच्या वस्तीवर रात्री बाळंतपण झाल्याचा निरोप आला. ओढ्याला पाणी होतं, म्हणून मी सकाळी पोचले. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून बसली होती. मुलगी झाली होती. वरचा ओठ डाव्या बाजूनं थेट नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. तोंडात बोट घालून पाहिलं, तर टाळूही उघडी. आई छातीशी धरायची, लेकरू तोंड मारायचं, पण दूध ओढलंच जायचं नाही. जे थोडं आत जाई ते नाकातून बाहेर येई. "बाई, हिच्या नाकातून दूध येते वो," एवढंच ती आई बोलली. आजी दारात बसून होती. तिचा हिशेब झाला होता: सुनेनं ग्रहणात भाजी चिरली, म्हणून लेकराचा ओठ चिरला.

मी वाद घातला नाही. बाळाला जवळजवळ बसतं धरलं, आईला वाटीत दूध काढायला लावलं आणि चमच्यानं गालाच्या कडेनं थेंब थेंब सोडायला शिकवलं. दर थोड्या वेळानं खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा. एकेका पाजण्याला पाऊण तास लागत होता, पण दूध पोटात राहत होतं. मग आजीला म्हटलं, "ग्रहणात भाजी मीही चिरली आहे, आजी. माझ्या दोन्ही पोरांचे ओठ नीट आहेत. यात सुनेचा काही दोष नाही." आजी काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी गेले, तर वाटी-चमचा तिच्याच हातात होता.

मी 31 वर्षं आरोग्य सेविका म्हणून काम केलं. सगळं आमच्या घाटावरच्या तालुक्यांत. आता निवृत्त आहे. बाहेरून येणारे डॉक्टर दोन-चार दिवसांत शेकडो लोकांच्या मोफत प्लास्टिक सर्जरी करून जातात, त्या शिबिरांबद्दल मला लिहायचं आहे. ते त्या मुलीपासून सुरू करते, कारण मला जे म्हणायचं आहे ते मी तिच्याकडून शिकले.

दुभंगलेला ओठ शिवायला बाळ साधारण तीन ते सहा महिन्यांचं झालेलं लागतं. वजन पाच किलोच्या आसपास आणि अंगात रक्त पुरेसं लागतं. मी दर आठवड्याला झोळीचा वजनकाटा घेऊन त्या घरी जात होते. जानेवारीत जवळच्या मोठ्या शहरात शिबिर असल्याचं कळलं. तोवर बाळ पाच महिन्यांचं झालं होतं, वजनही बसत होतं. एसटीनं गेलो. रात्र एका मंगल कार्यालयातल्या सतरंजीवर काढली. सकाळी तपासणीला उभे राहिलो, तेव्हा बाळाचं नाक वाहत होतं आणि छाती घरघरत होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मान हलवली. "सर्दी आहे, आज करता येणार नाही. पुढच्या वर्षी आणा."

ते डॉक्टर बरोबरच होते. सर्दी असताना एवढ्या लहान जिवाला भूल देणं धोक्याचं असतं. पण ती सर्दी आठ दिवसांत गेली आणि मुलीचं वर्ष गेलं. पुढच्या जानेवारीत तिचा ओठ शिवला, आणि सुरेख शिवला. टाळूसाठी परत यायला सांगितलं. तिसऱ्या वर्षी गेलो, तर यंदा वेळ कमी आहे, फक्त ओठांचीच ऑपरेशनं घेणार, असं समजलं. टाळू बंद झाली ती चौथ्या वर्षी. तेव्हा मुलगी साडेतीन वर्षांची होती आणि बोलायला लागून बराच काळ लोटला होता.

टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ महिने ते दीड वर्ष या वयात व्हावी लागते. कारण साधं आहे. मूल बोलायला शिकतं त्याच्या आधी तोंड आणि नाक यांच्यामधला पडदा तयार हवा. तो नसेल तर प, ब, क, ग म्हणताना तोंडात कोंडायची हवा नाकातून निसटते. मूल मग आपल्या परीनं वेगळेच आवाज काढायला शिकतं आणि तीच त्याची सवय होते. नंतर टाळू कितीही चांगली शिवली तरी सवय आपोआप सुटत नाही. त्यासाठी वाचा-उपचार करणारा माणूस महिनोन् महिने लागतो. टाळू उघडी असलेल्या मुलांच्या कानात पाणी साचतं, ऐकू कमी येतं, तेही कुणीतरी वेळोवेळी बघावं लागतं. पुढे आठ-दहा वर्षांच्या वयात हिरडीच्या खाचेत हाड भरावं लागतं, मग दातांना तारा. जन्मापासून सतरा-अठराव्या वर्षापर्यंत चालणारं हे काम आहे. शिबिराच्या फलकावर मात्र ते 'एक ऑपरेशन' म्हणून लिहिलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. शिबिराला तारीख असते आणि बाळाला वय असतं. ही दोन्ही जुळली तर ते नशीब. लेकरांची वाचा नशिबावर सोडायचे दिवस आता संपले आहेत.

हे मी शिबिरं घेणाऱ्यांचा उपमर्द करायला लिहीत नाही. महाराष्ट्रात या कामाचा विषय निघाला की डॉ. शरदकुमार दीक्षित यांच्यापुढे हात जोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1930 मध्ये पंढरपुरात जन्मलेला हा माणूस अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाला आणि 1968 पासून भारतात येऊन गोरगरिबांच्या मोफत शस्त्रक्रिया करू लागला. दुभंगलेले ओठ, मिटलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण. मोटार अपघातानंतर ते चाकाच्या खुर्चीला बांधले गेले. कर्करोगात स्वरयंत्र गेलं. हृदयविकार झाला. तरी दर वर्षी ते येत राहिले आणि खुर्चीत बसून टाके घालत राहिले. तिकडे एका साध्या घरात काटकसरीनं राहून ते इथल्या शिबिरांसाठी पैसा उभा करायचे. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, नोव्हेंबर 2011 मध्ये न्यूयॉर्कला ते गेले. भारतीय जैन संघटनेनं त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं शिबिरं भरवली आणि त्यांच्यामागेही ते काम चालू ठेवलं. स्वतःचा आवाज गेलेला माणूस खेड्यातल्या पोरांचे ओठ शिवत बसला होता, हे मी कधी विसरत नाही. 2005 मध्ये माझ्या हातात दुसरा कुठला पत्ताही नव्हता. शिबिर नसतं तर त्या मुलीचा ओठ आजही तसाच असता.

पण दीक्षितांच्या काळात जे दार एकटंच उघडं होतं, त्याच्या शेजारी आता आणखी दारं आहेत. आपण अजून जुन्याच दारापुढे रांग लावून बसलो आहोत, याचं मला वाईट वाटतं.

ओठ-टाळूचंच नव्हे, भाजलेल्या बायांचंही हेच आहे. लोणारकडच्या एका गावात माझ्या ओळखीची एक बाई होती. स्टोव्हच्या भडक्यात गळा आणि छाती भाजली होती. जीव वाचला, पण जखमा भरताना कातडी आक्रसली आणि हनुवटी छातीला चिकटली. तिला वर बघता येत नव्हतं. डोक्यावर हंडा घेता येत नव्हता, ताटातला घास नीट गिळता येत नव्हता. एका शिबिरात तिची मान सोडवली, मांडीची कातडी लावली. परत आली तेव्हा तिनं मान वर करून मला हाक मारली, तो क्षण माझ्यासमोर अजून उभा आहे. सोबत मानेला लावायचा एक प्लास्टिकचा पट्टा दिला होता. सहा महिने, रात्रंदिवस लावा, तेल चोळा, मानेचे व्यायाम करा, असं सांगितलं होतं. कुणी सांगितलं, किती वेळ सांगितलं, तिला किती कळलं, देव जाणे. सोयाबीनची सोंगणी आली. पट्ट्याखाली घाम यायचा, खाज सुटायची, मुकादम ओरडायचा. मी महिन्याभरानं गेले तेव्हा पट्टा खुंटीला टांगलेला होता, त्याच्या शेजारी विळा. लावलेली कातडी पुन्हा आक्रसू लागली होती. ऑपरेशन करणारे डॉक्टर तोवर त्यांच्या देशात परतले होते. तिला विचारायला जवळ कुणी नव्हतं. मीही नव्हते, कारण माझ्याकडे तिच्या ऑपरेशनचा एक कागदही आलेला नव्हता.

तो पट्टा खुंटीला गेला, त्यात त्या बाईचा दोष नाही. शस्त्रक्रिया म्हणजे अर्धं काम असतं. उरलेलं अर्धं गावात, घरात, रोज करावं लागतं, आणि ते कुणाच्याच नावावर लिहिलेलं नव्हतं.

आता थोडा हिशेब मांडते. 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजार होती. हजारी 15 जन्म धरले, तर वर्षाला साधारण 39 हजार बाळं. ओठ किंवा टाळू दुभंगलेलं मूल साधारण 700 ते 1000 जन्मांमागे एक असतं. म्हणजे आपल्या तेरा तालुक्यांत मिळून वर्षाला 40 ते 55 बाळं. एवढीच. तालुक्यामागे तीन-चार. या संख्येसाठी मांडव, ध्वनिक्षेपक आणि हजारोंची गर्दी लागत नाही. दोनशे पानांची एक वही लागते. प्रत्येक बाळाला एक पान. जन्मतारीख, वजन, ओठाची तारीख, टाळूची तारीख, कानाची तपासणी, वाचा-उपचार, आणि गावातल्या आशाताईचा फोन नंबर.

ही वही भरायला माणसंही आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकांनी वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुलं तपासायची असतात आणि दुभंगलेले ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी बसते. 1999 मध्ये सुरू झालेली स्माइल ट्रेन ही संस्था परदेशातून डॉक्टर पाठवत नाही. ती इथल्याच डॉक्टरांना आणि रुग्णालयांना पैसा आणि प्रशिक्षण देते, त्यामुळे ऑपरेशन वर्षभर होऊ शकतं. मिर्झापूरकडच्या एका मुलीवरच्या ज्या माहितीपटाला 2009 मध्ये ऑस्कर मिळालं, त्या 'स्माइल पिंकी'तली शस्त्रक्रियाही वाराणसीच्या डॉ. सुबोधकुमार सिंह यांनी केली होती. 2024 पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि नागपूरला तर देशातल्या पहिल्या स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभागांपैकी एक डॉ. सी. बालकृष्णन यांनी पन्नासच्या दशकातच उभा केला होता. दुभंगलेल्या ओठ-टाळूंची जी वर्गवारी त्यांनी मांडली, ती 'नागपूर वर्गीकरण' म्हणूनच ओळखली जाते. विदर्भाच्या नावाची वर्गवारी आहे, आणि विदर्भातलं बाळ जानेवारीची वाट बघत बसतं, याला काय म्हणावं?

त्याहून मागची एक हकिगत मी माझ्या आशाताईंना नेहमी सांगायचे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं मेणाचं माप घेतलं, त्याच्या कपाळाची कातडी वळवली आणि त्याला नवं नाक बसवून दिलं. दोन इंग्रज डॉक्टर बघत उभे होते. 1794 मध्ये ही हकिगत लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आली आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जननं तीच रीत लंडनमध्ये वापरली. जी विद्या आज विमानानं आपल्याकडे येते, ती एकदा पुण्याच्या परिसरातून बाहेर गेली आहे. आणि ज्याच्या हातात ती होती, तो तिथलाच, बारा महिने तिथंच राहणारा माणूस होता.

शिबिरं घेणाऱ्यांनीही हे ओळखलं आहे. 1969 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमधून डॉ. डोनाल्ड लॉब यांनी इंटरप्लास्ट सुरू केली. गरीब देशांत जाऊन ऑपरेशनं करून परतणं, असं तिचं काम होतं. पुढे तिनं नाव बदललं आणि भर दिला तो त्या-त्या देशातले सर्जन तयार करण्यावर. ऑपरेशन स्माइलनं आसाम सरकारसोबत गुवाहाटीत कायमचं केंद्र उभं केलं. तिथं सर्जनसोबत दातांचे, वाचेचे आणि आहाराचे जाणकार बसतात. आपल्याकडे डॉ. नोशीर अंतिया यांनी तर हे फार आधी केलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारणारा, कुष्ठरुग्णांचे हात आणि चेहरे नीट करणारा हा मोठा सर्जन रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याला जाऊन गावातल्या बायांना आरोग्याचं काम शिकवू लागला. एवढ्या मोठ्या माणसाला जे पटलं, ते मला वाटी-चमच्यानं पटवून दिलं.

कुणी म्हणेल, योजना आहेत, दवाखाने आहेत, मग लोक शिबिरातच का जातात? या प्रश्नाचं उत्तर मला चांगलं माहीत आहे, कारण मी दोन्हीकडे लोकांना घेऊन गेले आहे. शिबिरात गाडी न्यायला येते. जेवण मिळतं. सोबतच्या माणसाला झोपायला जागा मिळते. कुणीतरी हात धरून या खोलीतून त्या खोलीत नेतं. दवाखान्यात शिधापत्रिका, आधार, शिक्का, वरच्या मजल्यावरची खिडकी, "साहेब आज नाहीत, सोमवारी या". सोमवारी पुन्हा दोनशे किलोमीटरचं एसटीचं भाडं आणि दोन माणसांची मजुरी बुडते. गरीब माणूस शिबिराकडे जातो तो आपुलकीकडे जातो. शिबिरांनी आपल्याला हीच शिकवण दिली आहे. ती आपुलकी दवाखान्यात वर्षभर आणता आली पाहिजे.

म्हणून मी मागते ते फार नाही. बुलढाण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस प्लास्टिक सर्जनचा असावा. अकोला, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून ते यावेत, आणि दिवस बदलू नये. एक वाचा-उपचारतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट त्या दिवशी सोबत बसावेत. ओठ दुभंगलेलं बाळ जन्मलं की आठवड्याच्या आत त्याचं नाव जिल्ह्याच्या वहीत यावं, आणि दूध कसं पाजायचं हे आईला घरी जाण्याआधी शिकवलेलं असावं. ऑपरेशनसाठी जाणाऱ्या कुटुंबाला गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी हातात मिळावी.

आणि बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना माझं हात जोडून सांगणं आहे. जरूर या. पण तीच जागा धरून पुन्हा पुन्हा या. टेबलाच्या पलीकडे इथल्या तरुण डॉक्टरला उभं करा आणि पुढच्या वेळी टाके त्याला घालू द्या. प्रत्येक रुग्णाच्या हातात मराठीत लिहिलेला कागद द्या: काय केलं, पुढं काय करायचं, कुणाला फोन करायचा. त्याची एक प्रत गावच्या आरोग्य सेविकेला पाठवा. किती ऑपरेशनं झाली हे फलकावर लिहिता, त्याच्याखाली मागच्या वर्षीच्या किती रुग्णांना परत तपासलं, हेही लिहा. लेकरांचे आधीचे आणि नंतरचे फोटो चौकात लावू नका. ती मुलं मोठी होतात, त्यांनाही लाज आणि मान असतो.

ती मुलगी आता वीस वर्षांची आहे. शिवणकाम शिकली आहे. ओठावर एक बारीक पांढरी रेघ उरली आहे, लक्ष देऊन पाहिल्याशिवाय दिसत नाही. पण बोलली की शब्द नाकात जातात आणि अनोळखी माणसाला कळत नाहीत. शाळेत तिनं उत्तर येत असूनही कधी हात वर केला नाही, असं तिच्या आईनं मला सांगितलं. मागच्या दिवाळीत भेटायला आली होती. आम्ही दोघी बँकेत गेलो. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं. तिनं तोंड उघडलं नाही. मोबाईलच्या कव्हरमधून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली आणि आत सरकवली. चिठ्ठीवर तिचं नाव आणि गाव सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. घड्या घालून घालून कागद मधोमध विरला होता.

यंदाही आपल्या जिल्ह्यात चाळीस-पन्नास बाळं अशा ओठा-टाळूनं जन्मतील. काही जन्मलीही असतील. त्यांची नावं ज्या वहीत लिहायची, ती वही या महिन्यात उघडावी, एवढीच माझी जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला विनंती आहे. ती भरायला मी निवृत्तीतही यायला तयार आहे.